सगळं ठीक चाललंय तरी आतनं रिकामं वाटतंय, कुणाला झालंय का असं?

फौंड्रीवाला_कोल्हापूर:
नमस्कार मंडळी. वय ३८, शिरोली एमआयडीसीत सुपरवायझर हाय, फ्लॅट झाला, हप्ते चालू हाईत, पोरगी पाचवीत, तक्रार करावी असं काही नाही. तरी रात्री ड्युटीवरनं आल्यावर पार्किंगमध्ये गाडीवरच मोबाईल बघत बसतो, वर जावंसंच वाटत नाही. खरं सांगू का, शेवटचं आतनं भारी वाटलेलं ते २०१९ च्या महापुरात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला धोका पातळी ४३ फूट आणि पाणी ५५ च्या वर गेलेलं, हायवे बंद, कंपनी बंद, आणि आम्ही तालमीतली पोरं दिवसभर चपाती-भाजी पॅक करून पूरग्रस्तांना पोचवत होतो. कोण कुठल्या पेठेतला, कुठल्या गटाचा, कुणी विचारलं नाही. पाणी उतरलं आणि सगळे परत आपापल्या कामाला. आता माणसानं पुराची वाट बघत बसायचं का? स्वतःवर काम करा, दुसऱ्यासाठी जगा असं जो तो सांगतो, पण शिफ्ट करून नेमकं करायचं काय? आणि आपल्याला बरं वाटावं म्हणून मदत करणं हा पण स्वार्थच की.

कळंब्याची_मावशी:
असू दे की स्वार्थ, ज्याचं काम झालं त्याला काय त्याचं. शाळेतनं रिटायर झाल्यापासनं मी आठवड्यातनं दोनदा सकाळी सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात जातो. संस्था नाही, बॅनर नाही, काही नाही. गडहिंग्लज, चंदगड, खाली कोकणातनं पण लोक येतात, केस पेपर कुठं काढायचा हेच कळत नाही. परवा एक आजोबा, पोराचं ऑपरेशन, रेशन कार्ड आधार सगळं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेलं, पण दोन्हीवर आडनाव वेगवेगळं लिहिलेलं. जनआरोग्य योजनेच्या खिडकीपासनं चार हातांवर नुसते उभे, विचारायचं धाडस होईना. मी त्यांच्याबरोबर आरोग्यमित्राकडं, म्हणजे योजनेच्या तिथल्या माणसाकडं गेलो, काय कागद लागतात ते मोठ्या अक्षरात लिहून दिलं. एवढंच. पूर लागत नाही त्याला.

रामलिंगरोड:
मावशी भारीच. पण आधी स्वतःचं डोकं शांत पाहिजे असं माझं मत. आपल्या हातकणंगले तालुक्यात आळत्याला विपश्यना ध्यानाचं केंद्र हाय, दहा दिवसाचा कोर्स, फी नाही, आधी कोर्स केलेल्यांच्या दानावर चालतं. पहाटे चारला घंटा, मोबाईल जमा, बोलणं बंद. पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा, माझे गुडघे असले दुखायचे की बोलायलाच नको, आणि डोक्यात कुणाकुणाशी केलेली जुनी भांडणं. दहाव्या दिवशी मौन सुटतं आणि त्याच दिवशी सगळ्यांचं भलं होवो अशी मैत्री भावना शिकवतात, ती शेवटी का ठेवलीय ते तिथं बसल्यावरच कळतं. अजून राग येतो, पण येतोय हे कळतं तरी.

पांढरा_रस्सा:
दहा दिवस रजा कोण देतंय रे फौंड्रीत? आणि दहा दिवस गप्प बसून घरी येऊन बायकोवर ओरडणारे पण बघितलेत मी, समाजसेवा करणाऱ्यांत तर जास्तच. आपल्या शाहू महाराजांचं बघा की, त्या काळात अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळेंना हॉटेल काढून दिलं आणि नुसतं भाषण ठोकलं नाही, स्वतः तिथं जाऊन चहा प्यायले, बरोबरच्यांना पण पाजला. आजच्या भाषेत सांगायचं तर जातीचा विषय एका कपात संपवला. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण तुझ्या लाईनवर बिहार-ओडिशाची पोरं असतील, त्यातल्या किती जणांची नावं तुला माहीत हाईत?

आणि भावा, ते पार्किंगमध्ये बसणं हलक्यात घेऊ नको. झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर आधी डॉक्टरला दाखव नायतर १४४१६ ला फोन लाव, टेलि-मानस, सरकारी हाय, फुकट, मराठीत बोलतात. सगळ्यालाच अध्यात्म लावायची गरज नाही.

फौंड्रीवाला_कोल्हापूर:
झोप लागते दादा, पण नंबर सेव्ह केला. नावांचं म्हणाल तर मोल्डिंगवरच्या पोरांना आम्ही सगळे 'ए बिहारी'च म्हणतो, आता लिहिताना पण कसंतरी वाटलं. विपश्यनेचं दिवाळीच्या सुट्टीला धरून बघतो, घरी विचारायला पायजे. मावशी, सेकंड शिफ्टच्या आठवड्यात माझी सकाळ मोकळी असते, आलो तर चालंल का? मला त्या योजनेचं काहीच माहिती नाही हां.

कळंब्याची_मावशी:
ये की, मला तरी कुठं माहिती होतं. साडेनऊला ये, डबा खाऊन ये, आणि बॉलपेन दोन-तीन आण, तिथं दिलेलं पेन परत येत नाही.