मदत हवी आहे: आईच्या डब्यातल्या कुठल्या गोळ्या ठेवू, कुठल्या काढू?

राजारामपुरी_१२वी_गल्ली

नमस्कार मंडळी. आई ६३ वर्षांची. शुगर आहे, मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी. माळ घातल्यापासून मटण-अंडी सगळं बंद. रविवारी आमच्यासाठी तांबडा-पांढरा होतो, तिची आमटी-भाकरी वेगळी.

दिवाळीनंतर तळपायाला मुंग्या येतात, जिना चढताना दम लागतो म्हणायला लागली. डॉक्टरांनी रक्त तपासलं. बी१२ आलं १६८, डी जीवनसत्त्व १४, दोन्ही कमी. बी१२ च्या गोळ्या आणि डी च्या ६० हजार युनिटच्या पुड्या लिहून दिल्या. इथपर्यंत सगळं ठीक.

अडचण पुढे आहे. आमच्या चुलत वहिनी ‘न्यूट्रिशन’चं काम करतात, म्हणजे साखळी पद्धतीची विक्री. रिपोर्टचं कळल्यावर आल्या त्या खोकं घेऊनच. मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम विथ डी३, ओमेगा-३, केस-नखांसाठी बायोटिन आणि प्रोटीन पावडरचा भला मोठा डबा. महिन्याला साडेचार हजार, आईच्या पेन्शनमधून. वर सांगून गेल्या, “काकी, हे सगळं नैसर्गिक आहे, साईड इफेक्ट शून्य. डॉक्टरच्या गोळ्या बंद केल्या तरी चालतंय.”

आता आई सकाळी चहाबरोबर मूठभर गोळ्या घेते आणि बरं वाटतंय म्हणते. पण थायरॉईडचा डोस तोच असताना या वेळी टीएसएच (थायरॉईडच्या तपासणीतला आकडा, तो वाढला म्हणजे गोळी कमी पडतेय) वाढलेलं आलंय, ते का, कळत नाही. या खोक्यातलं खरंच काही लागतं का? आणि वहिनींशी न बिघडवता हे कसं थांबवायचं? घरातला मामला आहे, गणपतीला सगळे एकत्र असतो.

औषधवाला

मी मेडिकल दुकान चालवतो, डॉक्टर नाही, हे आधी सांगतो. तुमच्या डॉक्टरांना या खोक्याबद्दल माहीत आहे का? नसेल तर सगळ्या बाटल्या पिशवीत घालून त्यांच्या टेबलावर ठेवा. नावं तोंडी सांगू नका, बाटल्याच न्या.

टीएसएच का वाढलं, याचा माझा अंदाज सांगतो. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम पोटात एकत्र आले की गोळी नीट शोषली जात नाही. लोहाचंही तेच, आणि मल्टिव्हिटॅमिनमध्ये बहुतेक वेळा लोह असतं. थायरॉईडच्या गोळीत आणि या दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. तुमच्याकडे गोळी झाली की लगेच चहा आणि त्याबरोबर कॅल्शियम. डोस वाढवून घेण्याआधी ही वेळ बदलून बघू का, असं डॉक्टरांना विचारा.

बायोटिनचं प्रकरण वेगळंच. केसांच्या गोळ्यांत ते भरपूर असतं आणि त्यामुळे थायरॉईडच्या काही तपासण्यांचे आकडे चुकतात, टीएसएच आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतं. तपासणीच्या निदान दोन दिवस आधी बंद ठेवा आणि लॅबवाल्याला सांगा.

डी ची पुडी आठवड्यातून एकच ना? रोज एक घेणारे पेशंट मी पाहिलेत, म्हणून विचारतो. बी१२ जास्त झालं तर बहुतांशी लघवीवाटे निघून जातं. डी चरबीत साठतं. अति झालं की रक्तात कॅल्शियम चढतं, मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, कधी मूतखडा. तुमच्याकडे डी तीन ठिकाणांहून जातंय: पुडी, कॅल्शियमची गोळी, मल्टिव्हिटॅमिन. बेरीज कुणी केलीय का?

बी१२ ची गोळी मात्र अजिबात बंद करू नका. मांसाहार नाही आणि वर मेटफॉर्मिन, बी१२ कमी व्हायला दोन्ही कारणं आहेत. मुंग्यांकडे दुर्लक्ष केलं तर नसांचं नुकसान कायमचं होऊ शकतं. आणि बी१२ कमी असताना नुसतं फॉलिक अॅसिड घेत राहिलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो, आत नसा बिघडत राहतात.

तालमीतला_गडी

एवढं सगळं कशाला भावा. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पाजा काकींना, महिन्यात उड्या मारतील. आमच्या वस्तादांनी आयुष्यात गोळी बघितली नाही.

औषधवाला

@तालमीतला_गडी, दुधात बी१२ असतं, खरं आहे. ग्लासभर दुधात दिवसाच्या गरजेचा बराच भाग मिळतो. पण मेटफॉर्मिनवर शोषणच कमी होतं, तिथे नुसत्या दुधावर १६८ चा आकडा वर येणं अवघड. दूध द्या, तापवून द्या, आणि गोळीही द्या. तुमचे वस्ताद मटण खात असणार, तेही हिशोबात धरा.

रंकाळा_सकाळी_६

माझे वडील रोज पहाटे रंकाळा तलावाला चार फेऱ्या मारायचे, तरी त्यांचं डी ११ निघालं. पहाटेच्या कोवळ्या उन्हात डी तयार करणारे किरण जवळजवळ नसतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन लागतं, म्हणजे साधारण ११ ते ३. कोल्हापूरच्या मे महिन्यात त्या वेळी म्हाताऱ्या माणसाला कोण बाहेर काढणार? म्हणून पुडी.

सुगरण_ताराबाई_पार्क

वाढत्या वयात मल्टिव्हिटॅमिन चांगलंच की, असं मलाही वाटायचं. पण कमतरता नसलेल्या माणसाला हृदयविकार आणि कॅन्सर टाळायला त्याचा ठोस फायदा दिसलेला नाही. अमेरिकेत २५ हजारांहून जास्त लोकांना सुमारे पाच वर्षं डी आणि ओमेगा-३ देऊन पाहिलं, ‘व्हायटल’ नावाचा अभ्यास, २०१८ मध्ये निकाल आले. कॅन्सर, हार्ट अटॅक, पक्षाघात यांचं एकूण प्रमाण काही खाली आलं नाही. तुमच्या आईंचं डी खरंच कमी आहे, तिची गोष्ट वेगळी. तिथे ते औषध म्हणून द्यायचं.

प्रोटीन पावडरआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून घ्या, शुगरवाल्यांना किडनीची काळजी असते. आणि त्या पैशात डाळ, दही, पनीर, शेंगदाणे किती येतील!

एक विचारते. ओमेगा-३ च्या बाटलीवर शाकाहारीचा हिरवा ठिपका आहे की मांसाहारीचा तपकिरी त्रिकोण? बहुतेक कॅप्सूल माशाच्या तेलाच्या असतात. आई माळकरी म्हणालात म्हणून.

राजारामपुरी_१२वी_गल्ली

ताई, आत्ता बाटली फिरवून बघितली. तपकिरी त्रिकोण. आत बारीक अक्षरात ‘फिश ऑईल’, कॅप्सूल जिलेटिनची. आणि त्याच लेबलवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असंही इंग्रजीत छापलंय. हे आईला कसं सांगू? इतके दिवस ती तुळशीला पाणी घालून आली की पहिली तीच कॅप्सूल घेत होती.

सुगरण_ताराबाई_पार्क

मासा पोटात गेला असं सांगू नका, मनाला लावून घेतील. “ही आपल्या पथ्यात बसत नाही” एवढं पुरे. वहिनींना मात्र बाटली दाखवा. त्यांनीही वाचलं नसणार. आणि बाकीचं डॉक्टरांच्या तोंडून येऊ द्या, “डॉक्टरांनी बंद केलं” म्हटलं की कुणी वाद घालत नाही.

राजारामपुरी_१२वी_गल्ली

काल पिशवी घेऊन गेलो. डॉक्टरांनी बी१२ आणि आठवड्याची पुडी चालू ठेवली, पुडी दुधातून घ्यायला सांगितली. कॅल्शियम तूर्त बंद, कारण दूध-दही भरपूर आहे. मल्टिव्हिटॅमिन, बायोटिन, ओमेगा तिन्ही बंद. थायरॉईडचा डोस वाढवला नाही, सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा. औषधवाले दादा, आभार.

वहिनींनी त्रिकोण पाहिला आणि गप्प झाल्या. “मला कंपनीने सांगितलंच नाही” म्हणाल्या. प्रोटीनचा डबा अजून सीलबंद आहे, तो परत घेतात का? कुणाला अनुभव?

औषधवाला

बिल मागा आधी. डायरेक्ट सेलिंगला २०२१ पासून ग्राहक संरक्षणाचे वेगळे नियम लागू आहेत. परत करण्याची मुदत कंपनीच्या कागदात लिहिलेली असते, ती वहिनींनाच वाचून दाखवायला सांगा. टोलवाटोलवी झाली तर ग्राहक हेल्पलाईन १९१५. सील तोडू नका.