गर्भजलाच्या पिशवीचे छिद्र का बुजत नाही?

प्रश्न: गर्भातील बाळाच्या मणक्यावर शस्त्रक्रिया करता येते, पण त्यासाठी पिशवीला पाडलेले छिद्र भरून येत नाही, असे वाचले. बोट कापले तर दोन दिवसांत खपली धरते. मग येथेच का अडते?

उत्तर १: पिशवीच्या आतल्या पडद्यात रक्तवाहिन्याच नसतात, त्यामुळे रक्त गोठून खपली धरण्याची पहिली पायरीच तेथे घडत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘मॉम्स’ या मणक्याच्या शस्त्रक्रियेच्या चाचणीत जन्मापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या गटात ४६ टक्के मातांची पिशवी आपोआप फुटली, तर जन्मानंतरच्या गटात ८ टक्के.

उत्तर २: बेल्जियममधील ल्यूव्हेन येथे गर्भशल्यचिकित्सक यान देप्रेस्त यांच्या गटाने हे छिद्र बुजवता येते का, हे पाहण्यासाठी सशाच्या मादीवर प्रयोग केले. तिचा गर्भकाळ जेमतेम ३१ दिवसांचा. त्यामुळे तेविसाव्या दिवशी छिद्र पाडून त्यात कोलॅजन या प्रथिनाचा बोळा बसवला, की आठवड्याभरात निकाल हाती येतो.

प्रश्नकर्ता: मग तोच बोळा माणसात का वापरत नाहीत?

उत्तर २: वापरून पाहिला. बाळाच्या छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या जन्मजात हर्नियासाठी (पडद्यातील छिद्रासाठी) गर्भातच दुर्बिणीतून उपचार झाले, अशा मातांमध्ये त्याने पिशवी फुटण्याचे प्रमाण घटल्याचे दिसले नाही. माझ्या मते सशातला आठवडा ही फारच सोपी परीक्षा आहे. बाईच्या पोटात तो बोळा कित्येक आठवडे ओल्या, ताणल्या जाणाऱ्या पडद्यात टिकावा लागतो.