दिलदार सुताराच्या आठवणी लिहिताना सुरुवात कुठून करावी?

पिंपळपान:
माझे काका गेल्या महिन्यात वारले. चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी सुतारकाम केले. त्यांच्याविषयी दोन पाने लिहून द्यावीत असे घरच्यांनी मला सांगितले आहे. ज्याला विचारावे तो ‘फार दिलदार माणूस’ आणि ‘हातात जादू होती’ एवढेच सांगतो. मीही तेच लिहिले आणि वाचून पाहिले, तर ते कोणाही भल्या कारागिराविषयी लिहिल्यासारखे वाटले. मला या कामातले काही कळत नाही. काका कोणाचीही मोडकी खुर्ची दुरुस्त करून देत, पैशांचा विषय निघाला की ‘नंतर बघू’ म्हणत आणि ते ‘नंतर’ बहुधा येतच नसे, एवढे मात्र मी पाहिले आहे. त्यांची अवजारांची पेटी माझ्याकडे आली आहे. तीत तीन रंधे, दोन करवती, गुण्या, सरस वितळवण्याचे एक भांडे आणि काही पटाश्या, म्हणजे लाकूड कोरायच्या छिन्न्या, आहेत. त्यांपैकी एक पटाशी इतकी आखूड आहे की ती टाकून द्यावी असे वाटते.

सागवान:
ती पटाशी कृपया टाकू नका, कारण तुमचे लिखाण तिच्यापासूनच सुरू होऊ शकेल. पटाशी आखूड होते ती धार लावून लावून. दगडावर घासताना दर खेपेला पोलाद अगदी केसभर झिजते, त्यामुळे पाते निम्म्यावर आले असेल तर त्यामागे कित्येक वर्षांचे काम आहे, आणि इतर पटाश्या लांब असताना हीच झिजली असेल तर त्यांचा हात प्रथम हिच्याकडेच जात असे, असे समजावे. सागाच्या लाकडात सिलिकेचे, म्हणजे वाळूतल्या खनिजाचे, बारीक कण असतात आणि ते धार लवकर मारतात; तेव्हा सागावर काम करणाऱ्याला पुन्हा पुन्हा दगडाकडे वळावेच लागते.

सरसाच्या भांड्याविषयीही एक सांगतो. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस ऊब आणि ओलावा मिळाला की पुन्हा मऊ होतो, म्हणून त्याने जोडलेला सांधा लाकूड न फाडता उकलता येतो. हल्लीचा पांढरा गोंद वापरायला सोपा आणि पक्का असतो, पण असा सांधा सोडवताना पुष्कळदा लाकूडच तुटते. पुढे कधीतरी ही वस्तू दुसऱ्या कोणाला तरी दुरुस्त करावी लागेल, याचा विचार सरस वापरणाऱ्याने केलेला असू शकतो. काकांनी केलेली एखादी वस्तू घरात असेल तर ती उलटी करून पाहा; कारागीर खालच्या बाजूला अधिक सापडतो.

कानस:
वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, मात्र ‘पैसे घेत नसत’ याचे फार कौतुक करू नये असे मला वाटते. फुकट केलेल्या कामाची किंमत घरातल्या कोणीतरी मोजलेली असते, म्हणून काकूंनाही अवश्य विचारा.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते पैशांच्या बाबतीत चोख होते, पण शिकवताना त्यांनी हातचे काही राखून ठेवले नाही. एकदा मी कुसू, म्हणजे सांध्यात दुसऱ्या लाकडात शिरणारे टोक, कापताना करवत रेघेच्या आत घातली आणि ते सालेत, म्हणजे त्याच्यासाठी कोरलेल्या खाचेत, सैल बसू लागले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी कुसवाच्या सपाट बाजूवर त्याच लाकडाची पातळ चीप चिकटवली, दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडूनच रंध्याने बसती करून घेतली आणि मग एवढेच म्हणाले, ‘रेघ शिल्लक राहू दे, ती रंध्याला लागते.’ अशी एखादी हकिकत काकांकडे शिकलेल्यांकडून मिळाली, तर ‘दिलदार’ हा शब्द वापरायची गरजही पडणार नाही.

पिंपळपान:
दोघांचेही आभार. काकांनी केलेले जेवणाचे टेबल काल उलटे केले. वरची फळी ज्या स्क्रूंनी खालच्या चौकटीला धरली आहे त्यांची भोके गोल नसून लांबट आहेत. ही घाईत झालेली चूक असावी का?

सागवान:
चूक मुळीच नाही. हवेतल्या ओलाव्याप्रमाणे लाकूड रुंदीत फुगते आणि आकसते, लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. फळी घट्ट जखडली तर कोरड्या हवेत ती तडकते, म्हणून स्क्रूला सरकायला जागा ठेवावी लागते. ती भोके रुंदीच्या दिशेने लांबट आहेत ना, एवढे पाहून घ्या.

पिंपळपान:
होय, रुंदीच्याच दिशेने आहेत. आज काकूंशीही बोलले. स्वयंपाकघरातल्या कपाटाचे दार बारा वर्षे नीट लागत नव्हते, रोज आठवण करूनही काका लोकांच्या खुर्च्या घेऊन बसत आणि शेवटी वैतागून काकूंनी त्यांचाच रंधा घेऊन दाराची कड स्वतः तासली, असे त्या म्हणाल्या. कड वाकडी तासली गेली होती. काकांनी संध्याकाळी ती बोटाने चाचपून पाहिली आणि तशीच राहू दिली. दार आता लागते. लिखाणाची सुरुवात मी याच दारापासून करते आहे.