कोल्हापूरला लांब मुक्काम आणि सीएनएचे सर्टिफिकेट

नमस्कार मंडळी,
सासूबाईंच्या आजारपणामुळे राजारामपुरीत दीड वर्ष राहायचे ठरते आहे. कॅलिफोर्नियाचे सीएनए (सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट, म्हणजे नर्सच्या मदतनिसाचे) सर्टिफिकेट तोवर टिकेल का? ट्रेनिंगचे तास कोल्हापुरातून ऑनलाइन भरता येतील का?

—

वहिनी,
टिकेल, पण मुदती दोन आहेत आणि बहुतेकांची गल्लत तिथेच होते.

पहिली पगारी कामाची. ती साऱ्या अमेरिकेत सारखी. सलग २४ महिने नर्सिंगचे पगारी काम झाले नाही, तर रजिस्ट्रीतून, म्हणजे सीएनएंच्या सरकारी नोंदयादीतून, नाव निघते, मग ट्रेनिंग किंवा परीक्षा नव्याने. सासूबाईंचे अंग पुसणे, कूस बदलणे, भरवणे, सगळे रात्रंदिवस केलेत तरी ते यात धरत नाहीत, कारण पगार नाही. म्हणून निघण्याआधीच्या शेवटच्या शिफ्टची पे-स्लिप जपून ठेवा आणि महिने तिथून मोजा. परतल्यावर रजिस्ट्री आणि बॅकग्राउंड तपासल्याशिवाय कोणी कामावर घेणार नाही. त्यात आठवडे जातात. चोविसाव्या महिन्यात उतरू नका, तीन-चार महिने हाताशी ठेवा.

दुसरी ट्रेनिंगच्या तासांची. नूतनीकरणासाठी कॅलिफोर्नियात दोन वर्षांत ४८ तास लागतात, आणि दोन्ही वर्षांत प्रत्येकी किमान १२. पहिल्या वर्षी ४० आणि दुसऱ्या वर्षी ८ केले, तर बेरीज ४८ होते, अर्ज मात्र अडकतो. ऑनलाइन जास्तीत जास्त २४ धरतात. तेव्हा निघण्यापूर्वीच नर्सिंग होममधले इन-सर्व्हिसचे (नोकरीच्या जागीच मिळणाऱ्या ट्रेनिंगचे) तास जितके होतील तितके करून घ्या, सहीचा कागद मागून घ्या, आणि कोल्हापुरात बसून २४ पुरे करा. कोर्स राज्याने मान्य केलेल्या संस्थेचाच हवा. पैसे भरण्याआधी तिचा मान्यता क्रमांक पाहा, कारण नुसत्या छान प्रमाणपत्राने तास मिळत नाहीत.

—

वहिनी, वरच्यात थोडी भर.
पत्ता बदलला असेल तर रजिस्ट्रीला आधी कळवा. नूतनीकरणाची सूचना जुन्या पत्त्यावर जाते आणि तारीख निघून जाते. लग्नानंतरचे नाव सर्टिफिकेटवर आणि ओळखपत्रावर वेगळे असेल, तर तेही निघण्याआधीच मिटवा. विवाहाचा दाखला सोबत लागतो.

आणखी एक. कोल्हापुरात सीपीआर म्हटले की दवाखाना, इकडे अमेरिकेत सीपीआरचे, म्हणजे बंद पडलेले हृदय छाती दाबून चालू करण्याच्या ट्रेनिंगचे, कार्ड. त्याची मुदत साधारण दोन वर्षे, ती निराळी चालते. सर्टिफिकेट चालू आहे म्हणून कार्डही चालू असेल, असे धरू नका.