बुर्किना फासोच्या लष्करशहा त्राओरेंचं कौतुक करणाऱ्यांसाठी: बंदुकीने नक्की कोणाचं भलं झालं?

रानवारा:
काल इथे एकाने लिहिलं, "आफ्रिकेला लोकशाही झेपत नाही, त्राओरेंसारखा लष्करी गडीच हवा." खाली टाळ्यांचा पाऊस. राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

लष्करी बंडं मोजा: मालीत ऑगस्ट २०२० आणि मे २०२१, बुर्किना फासोत २०२२ मध्येच दोनदा, नायजरमध्ये जुलै २०२३. बहुतेक वेळा सैनिकांनी एक कारण तेच दिलं: सरकारला जिहाद्यांचा बंदोबस्त जमत नाही. मग यांना जमला? ऑगस्ट २०२४ मध्ये बुर्किनातल्या बार्सालोगोत लष्कराने गावकऱ्यांना संरक्षणासाठी खंदक खणायला लावलं. जेएनआयएम या अल-कायदाशी जोडलेल्या जिहादी संघटनेचे बंदूकधारी आले आणि खणणाऱ्यांनाच गोळ्या घातल्या. शंभरावर माणसं गेली. २०२५ च्या सप्टेंबरपासून त्याच संघटनेने टँकर जाळून मालीची राजधानी बामाकोचं इंधन तोडलं, शाळा-कॉलेजं बंद ठेवावी लागली. त्याआधी मे महिन्यात मालीचे लष्करशहा गोइतांनी सगळे राजकीय पक्ष बरखास्त केले होते. सुरक्षाही नाही आणि जाब विचारायची सोयही नाही.

झुंजार_मत:
आणि तुमची ती लोकशाही? गिनीत अध्यक्ष अल्फा कोंडेंनी २०२० मध्ये घटना बदलून तिसरी टर्म घेतली. कॅमेरूनमध्ये अध्यक्ष बिया १९८२ पासून खुर्चीत, नव्वदी ओलांडली तरी ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा 'निवडून' आले. गॅबॉनमध्ये बोंगो बाप-लेक मिळून १९६७ ते २०२३. लष्कराने लेकाला हटवलं तेव्हा राजधानी लिब्रव्हिलच्या रस्त्यांवर लोक नाचत होते. पुण्यात बसून त्यांना नावं ठेवू नका. फ्रेंच फौजांना मालीतून, बुर्किनातून, नायजरमधून कोणी घालवलं? यांनीच ना!

रानवारा:
तिसऱ्या टर्मचं मान्य, बंडाची वाट तिथूनच सुरू होते. पण कोंडेंना हटवणारे लष्करी अधिकारी दुंबुया "मी उभा राहणार नाही" म्हणाले होते, आणि डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत स्वतःच उमेदवार! फ्रेंच गेले आणि रशियन आले. मार्च २०२२ मध्ये मालीच्या मुरा गावात लष्कर आणि परदेशी भाडोत्र्यांनी किमान ५०० माणसं मारली, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो.

बागायतदार_वेंगुर्ला:
तुमचं साहेल (सहाराच्या दक्षिणेचा पट्टा) राहू द्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये गिनी-बिसाऊत निकालाच्या आदल्या दिवशी लष्कराने सत्ता घेतली, त्यावर कोणी अक्षर काढलं का? तो देश काजूवर जगतो आणि त्याची बी इथे येते. हंगामात व्यापारी तोंडावर सांगतो, "आफ्रिकन बी स्वस्त पडते, तुमची ह्याच दराने देणार तर द्या." बोंडू पिळून बी वाळवायची आम्ही आणि दर ठरणार बिसाऊत!

सोलणी_युनिट:
दादा, स्थानिक बीवर कारखाना वर्षभर चालत नाही. बाहेरची बी थांबवली तर माझ्याकडच्या बायकांना पावसाळ्यात काम कुठून देऊ?

बागायतदार_वेंगुर्ला:
काम तुमच्याकडे आणि कर्ज आमच्या डोक्यावर. हमीभावाचं नाव काढलं की सगळे कारखानदार गप्प बसतात.

झुंजार_मत:
काजूचं रडगाणं दुसरीकडे गा हो. इथे खंडाचा प्रश्न चाललाय.

बंदरावरचा_माणूस:
रडगाणं कशाला म्हणता? मी बिसाऊत काजूखरेदीवर होतो. २०१२ च्या एप्रिलमध्ये अध्यक्षीय निवडणुकीची दुसरी फेरी तोंडावर आणि काजूचा हंगाम ऐन भरात असताना लष्कराने बंड केलं. बँका बंद, बंदर ठप्प. शेतकरी गोणी घेऊन दारात उभा. आम्ही मूठभर बी कापायचो, गर पाहून उतारा, म्हणजे किती गर निघेल ते, काढायचो, आणि नेहमीपेक्षा कमी दर सांगायचो. तो नाही म्हणू शकत नव्हता. घरात तांदूळ संपला होता, आणि तिथे काजूच्या बदल्यात तांदूळ ही रीतच आहे. तीच बी पुढे जहाजात चढते. वेंगुर्ल्याच्या दादांचा दर पाडणारा तो शेतकरी नाही. त्याला सरकारकडे दर मागायची सोय राहिली नाही, घोडं तिथे अडलंय.

बागायतदार_वेंगुर्ला:
हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तरी आयातशुल्काची माझी मागणी कायम.

झुंजार_मत:
बरं, बंडाने शेतकरी मरतो, मानलं. पण बिया-बोंगोंना मतपेटीने कोण हटवणार? एक उदाहरण द्या.

रानवारा:
सेनेगल. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष माकी साल यांनी निवडणूक पुढे ढकलली. लोक रस्त्यावर उतरले, घटना परिषदेने तो निर्णय रद्द केला, मार्चमध्ये मतदान झालं. मतदानाच्या काही दिवस आधी तुरुंगातून सुटलेले विरोधी पक्षाचे फाय पहिल्याच फेरीत अध्यक्ष झाले. फौज बराकीत राहिली.

झुंजार_मत:
सेनेगल दिलं तुम्हाला. तिथे न्यायाधीशांना कणा होता आणि सैन्याला शिस्त. कॅमेरूनच्या पोराने तसे न्यायाधीश कुठून आणायचे, तेवढं सांगा, मग बोलू.

रानवारा:
ते बंदूकवाला आणून देत नाही, एवढं नक्की. बाकीचं उद्या लिहितो, केनियाच्या २०१७ च्या निकालापासून. तिथे सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षीय निवडणूकच रद्द केली होती.