इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनर, डीकार्बन... हे सगळं खरंच लागतं का?

कऱ्हाडची_स्विफ्ट
मंडळी, सल्ला हवाय. गाडी २०१४ ची पेट्रोल स्विफ्ट, रनिंग ९० हजारच्या आसपास. हल्ली सकाळी चालू केली की आयडलिंगला थरथरते, गरम झाली की शांत. पिकअप पण पहिल्यासारखा नाही, खंबाटकीला चौघं बसलेले असले की दुसऱ्यावर आणावी लागते, आणि अ‍ॅव्हरेज १७-१८ वरून १५ वर आलंय. सर्व्हिसिंगला टाकली तर तिथल्या अ‍ॅडव्हायझरने बॉनेट पण न उघडता पॅकेज सांगितलं, पेट्रोलच्या टाकीत ओतायची एक बाटली, ऑइल बदलायच्या आधी इंजिन फ्लश (आतला गाळ धुणारं केमिकल) आणि वर मशीन लावून डीकार्बनायझिंग (आतला कार्बन काढणं), सगळं मिळून साडेचार हजार. मी नको म्हटलं तर म्हणे सर मग पुढे इंजेक्टर गेले तर आम्हाला बोलू नका. यूट्यूबवर निम्मे लोक म्हणतात जादू आहे, निम्मे म्हणतात इंजिनचा खुळखुळा होतो. वडिलांचं म्हणणं की राजदूतला आम्ही जन्मात असलं काही पाजलं नाही. कोणी स्वतः वापरलंय का?

टॉपगिअर_ठाणे
मॅन्युअल काढ आणि सर्व्हिसचं कोष्टक बघ. ऑइल, फिल्टर, प्लग, कूलंट सगळं किलोमीटरसकट दिलेलं असतं, त्यात फ्लश नि डीकार्बन सापडलं तर इथे फोटो टाक. अ‍ॅडव्हायझरला टार्गेट असतं रे, दुसरं काय. साडेचार हजारात तुझे चारही प्लग, एअर फिल्टर आणि चांगलं ऑइल होऊन वर मिसळ खायला पैसे उरतील.

पाना_पक्कड_सांगली
टॉपगिअर म्हणतात ते निम्मं बरोबर. माझं स्वतःचं गॅरेज आहे, बाटली मी पण विकतो, तरी सांगतो. ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मुद्दाम एकत्र बांधून गळ्यात मारतात.

टाकीतली बाटली पेट्रोल जिथं जातं तिथलंच साफ करणार. म्हणजे इंजेक्टरची नोझल, हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हची मागची बाजू, थोडंफार पिस्टनचं डोकं. तुमच्या स्विफ्टला इंजेक्टर पोर्टमध्ये फवारा मारतो, पेट्रोल व्हॉल्व्हवर पडूनच आत जातं, त्यामुळं तिथं उपयोग होऊ शकतो. तेच व्हेन्यूचं टर्बो जीडीआय किंवा फोक्सवॅगन-स्कोडाचं टीएसआय असेल तर पेट्रोल डायरेक्ट सिलिंडरमध्ये, व्हॉल्व्हला पेट्रोलचा थेंब लागत नाही. त्या गाडीत टाकीत अमृत जरी ओतलं तरी व्हॉल्व्हवरचा कार्बन हलायचा नाही, हवा आत नेणारं मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलाचा भुगा प्रेशरने मारून काढावा लागतो.

आता तुमची सकाळची थरथर. मला संशय आधी थ्रॉटल बॉडी आणि प्लगवर. थ्रॉटल बॉडीतून नुसती हवा जाते, तिथं टाकीतलं औषध पोचतच नाही आणि नेमका तिथंच काळा चिकट थर बसतो. क्लीनर फडक्यावर मारून पुसून घ्यायचं, काही शे रुपयांचं काम आहे. पण साधा कार्ब क्लीनर भसाभसा आत मारू देऊ नका, काही थ्रॉटल बॉडीला आतून कोटिंग असतं ते निघून जातं. प्लग काढून गॅप बघा, कॉइल बघा, स्कॅनर लावून मिसफायरचा कोड आहे का बघा. हे न करता बाटली ओतणं म्हणजे ताप मोजायच्या आधी सलाईन लावणं.

फ्लशचं स्पष्ट सांगतो, नको. तुम्ही ऑइल वेळच्या वेळी बदललं असेल तर आत गाळ नसतोच, मग धुणार काय? आणि बदललं नसेल तर फ्लशने सुटलेला गाळ जाऊन बसतो ऑइल पंपाच्या जाळीत, ऑइलचं प्रेशर कमी होतं, आणि तुमच्या गाडीत टायमिंग चेन आहे, तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावरच चालतो. फिलर कॅप उघडून आत टॉर्च मारा. तपकिरी पातळ रंग चढला असेल तर काही नाही. काळा घट्ट लगदा दिसला तर चांगलं ऑइल घालून दोन-तीन हजार किलोमीटरला बदला, मग परत तसंच एकदा, म्हणजे हळूहळू निघतं. ऑइल काळं पडलं म्हणून घाबरू नका, त्यातलं डिटर्जंट काम करतंय म्हणून ते काळं पडतं. आमच्याकडं जुने मेस्त्री डिझेल टाकून इंजिन धुवायचे, अजून काही जण करतात, पण ऑइलच्या चेंबरमध्ये थोडं डिझेल उरतंच आणि नवीन ऑइल पातळ होतं.

राहिलं डीकार्बन. पाण्यापासून हायड्रोजन-ऑक्सिजन तयार करून इनटेकला सोडायचं मशीन असतं, किंवा फेसाळ केमिकल आत सोडतात. एकच सांगा त्यांना, आधी आणि नंतर प्लगच्या भोकातून बोअरस्कोप (नळीवरचा छोटा कॅमेरा) घालून फोटो दाखवा. तिथंच निम्म्या ठिकाणी विषय संपतो. 😄

मिशिगनचा_मावळा
सांगलीकरांनी छान लिहिलंय. मी इकडे अमेरिकेत फ्युएलच्याच क्षेत्रात आहे म्हणून बाटलीत काय असतं ते जरा. बऱ्याच स्वस्त बाटल्या म्हणजे मुख्यतः रॉकेलच्या जातीचं सॉल्व्हंट आणि किंचित काहीतरी. खरं काम करणारं रसायन म्हणजे पॉलिइथरअमाइन, लोक पीईए म्हणतात. त्याची खासियत अशी की ते गरमीत टिकतं, त्यामुळे व्हॉल्व्हच्या पुढे सिलिंडरमधल्या कार्बनवर पण काम करतं. दुसरं पॉलिआयसोब्युटिलीन अमाइन, ते इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह नीट ठेवतं पण सिलिंडरच्या आत त्याचा तेवढा जोर नाही. बाटलीवर लिहिलेलं नसेल तर कंपनीच्या साइटवर सेफ्टी डेटा शीट असते त्यात बघायचं, आणि ती शीटच नसेल तर बाटली परत शेल्फवर ठेवायची. ऑक्टेन बूस्टर वेगळा प्रकार आहे, तो साफसफाईसाठी नसतो, दुकानदार दोन्ही एकच म्हणून देतात.

इथे १९९५ पासून प्रत्येक पेट्रोलमध्ये कमीत कमी डिटर्जंट घालणं कायद्याने सक्तीचं आहे. ते कमी पडतं म्हणून २००४ मध्ये बीएमडब्ल्यू, जीएम, होंडा, टोयोटा यांनी मिळून टॉप टिअर म्हणून जास्त कडक मानक आणलं. म्हणजे डिटर्जंटला अर्थ नाही असं नाही, पण ते रोज थोडं थोडं पोटात जाणं हे वर्षातून एकदा जुलाब देण्यापेक्षा बरं.

टॉपगिअर_ठाणे
आपल्याकडे मग एक्सपी९५, पॉवर, स्पीड ही प्रीमियम पेट्रोलं आहेतच की, अ‍ॅडिटिव्ह घातलेली. अधूनमधून एक टाकी भरली तरी झालं.

आणि अ‍ॅव्हरेजबद्दल कोणी बोललंच नाही. कऱ्हाडकर, पेट्रोल आता ई२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी. नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात लिहिलंय की मुळात बिनइथेनॉल पेट्रोलसाठी डिझाइन केलेल्या आणि ई१० ला ट्यून केलेल्या चारचाकीचं मायलेज ६-७ टक्के पडू शकतं. १८ चे ६-७ टक्के म्हणजे किलोमीटरभर तर तिथेच गेला, त्याला कुठलं केमिकल काय करणार. वरून इथेनॉल पाणी ओढतं, पावसाळ्यात गाडी महिना महिना अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नको.

बोलेरो_लातूर
मधेच घुसतोय माफ करा, डिझेलला पण हेच का? आमची बोलेरो धूर टाकायलीय, दुकानदार म्हणला डिझेलमध्ये ही बाटली ओता, ईजीआर साफ होतोय.

पाना_पक्कड_सांगली
नाही होत दादा. ईजीआरमधून सायलेन्सरकडचा धूर परत फिरवलेला असतो, डिझेल तिकडं जातच नाही. तो व्हॉल्व्ह खोलूनच धुवायचा. बाटलीने झाला तर इंजेक्टरच्या टोकाला थोडा फायदा. त्याआधी एअर फिल्टर बघा, टर्बोचे होज बघा, डिझेल फिल्टरखालचा नळ सोडून पाणी निघतंय का बघा. आणि डिझेल एकाच भरवशाच्या पंपावर घ्या, रॉकेल मिसळलेलं असेल तर पंपाला वंगणच मिळत नाही आणि कॉमन रेलचा पंप गेला की बिल बघून माणूस खाली बसतो.

कऱ्हाडची_स्विफ्ट
अपडेट देतो. ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो, प्लगचा गॅप बराच वाढला होता, चारही बदलले, थ्रॉटल बॉडी पुसून घेतली, ती आतून काळीकुट्ट होती. फिलर कॅपमधून आत नुसता तपकिरी रंग, म्हणजे फ्लशचा विषय नाही. थरथर जवळजवळ गेली, पिकअप पण बरा वाटतोय. अ‍ॅव्हरेज मात्र १५ च्या जरासंच वर. आता पीईएवाली बाटली एकदा टाकून बघावी का, की राहू दे? ऑइल पुढच्या महिन्यात ड्यू आहे.

पाना_पक्कड_सांगली
टाकायची तर आत्ताच टाका, ऑइल बदलायच्या आधी. सुटलेला कचरा आणि ते केमिकल थोडं पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरतं, मग ऑइलबरोबर निघून जाईल. लिहिलंय तेवढंच प्रमाण घ्या, दुप्पट घातलं म्हणून दुप्पट साफ होत नाही. आधी बाटली मग वरून पेट्रोल, म्हणजे मिसळतं, आणि ती टाकी गावातल्या गावात न संपवता कोल्हापूर नाहीतर पुण्याला जाऊन या. फरक नाही पडला तर दुसरी बाटली घेऊ नका, इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर फवारा बघायला सांगा.

टॉपगिअर_ठाणे
आणि त्या अ‍ॅडव्हायझरला जुने प्लग नेऊन दाखव 😂