न्यूट्रोफिल फुप्फुसात नक्की शिरतो कुठून? सोमवारी सेमिनार, मदत हवी आहे

लोकहो, एमएस्सी मायक्रोला आहे. पांढऱ्या पेशी रक्तातून फुप्फुसात कशा जातात हा विषय मीच हौसेने घेतला आणि आता निस्तरतेय. आकृती तोंडपाठ आहे, सिलेक्टिनला (हलकं धरून ठेवणारं प्रथिन) धरत न्यूट्रोफिल, म्हणजे एक प्रकारची पांढरी पेशी, रक्तवाहिनीच्या भिंतीवरून गडगडत येतो, मग त्याच्यावरचं इंटिग्रिन हे प्रथिन भिंतीवरच्या आयकॅम-१ प्रथिनाला घट्ट चिकटतं, मग भिंतीतल्या फटीतून बाहेर. काल प्रॅक्टिसला मॅडमनी एवढंच विचारलं, "ही रक्तवाहिनी केवढी?" आणि मी गप्प. घरी येऊन बघितलं तर आकृतीतली आहे व्हेन्यूल (बारीक शीर) आणि फुप्फुसात ही सगळी ये-जा मुख्यतः वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्यांतून, ज्यातल्या बऱ्याचशा ५-६ मायक्रॉनच्या, आणि न्यूट्रोफिल ७-८चा!! मग गडगडायला जागा कुठेय? त्यात मी स्वतः स्मिअरवर (काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थरात) मोजला तर १३ भरला.

अजून एक, सीडी१८ (त्या इंटिग्रिनचाच एक भाग) अडवलं की सशांच्या फुप्फुसात ई. कोलायच्या वेळी न्यूट्रोफिल खूप कमी पोचतात पण न्यूमोकोकसच्या वेळी पोचतातच, असं वाचलं. जंतू बघून रस्ता बदलतो का?

लॅबवाला: स्मिअरवर पेशी चपटी पसरते हो, तो १३ सोडून द्या. आकृती चूक नाही, ती फुप्फुसाची नाही एवढंच. मेझेंट्रीचा, म्हणजे आतड्याला धरून ठेवणारा, पडदा पातळ, मायक्रोस्कोपखाली आरपार दिसतो, म्हणून गडगडणं तिथे भरपूर बघितलं गेलं. फुप्फुसात न्यूट्रोफिल लांबुडका होऊनच सरकतो, बोळात घुसलेल्या टेम्पोसारखा, तांबड्या पेशीपेक्षा कितीतरी हळू, त्यामुळे तिथे कायमच गर्दी. त्यात मॅक्रोफेजने (जंतू गिळणारी पेशी) आयएल-८ हा रासायनिक इशारा सोडला की न्यूट्रोफिलमधलं अ‍ॅक्टिन (पेशीच्या सांगाड्याचे धागे) आवळतं, पेशी कडक होते, अडकते. या अडकण्याला सिलेक्टिन लागत नाही. टिकून राहायला मात्र एल-सिलेक्टिन आणि सीडी१८ लागतं.

रस्ता बदलतो, हो. न्यूमोकोकससाठी गॅलेक्टिन-३ हे प्रथिन शोधा, उंदरांवरचं काम आहे, ई. कोलायमध्ये त्याचा सहभाग तसा दिसत नाही.

सेमिनारग्रस्त (धागाकर्ती): देव भलं करो तुमचं. व्हेन्यूल खोडली, केशवाहिनी काढली, आता त्यात न्यूट्रोफिल सॉसेजसारखा दिसतोय. बाहेर पडताना तो वायुकोशाच्या जाड बाजूने निघतो ना? पातळ बाजूने दाखवला तर मॅडम परत धरतील.

लॅबवाला: जाड बाजूनेच. तिथे इंटरस्टिशियममध्ये (केशवाहिनी आणि वायुकोश यांच्या मधल्या जागेत) फायब्रोब्लास्ट, म्हणजे जोड-ऊतीच्या पेशी, असतात, त्यांच्या अंगाअंगाने जातो. तेही काढा.